गडद-फिकट ओळखणारा डोळा

आज आपण रंगांबद्दल बोलणार आहोत, पण लाल, पिवळा, निळा यांबद्दल नाही. रंग किती उजळ आणि किती गडद, एवढंच आज बघायचं आहे. गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या, मडकी-पणत्या रंगवून विकणाऱ्या आणि शाळेची भिंत रंगवायला घेणाऱ्या अशा सगळ्यांना हे उपयोगी पडेल.

बचत गटांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. बाटलीतले रंग महागाचे आणले, हात स्वच्छ चालवला, रेघेबाहेर रंग गेला नाही, तरी चेहरा सपाट दिसतो. गालाला गोलाई येत नाही. दुकानात शेजारी ठेवलेल्या दुसऱ्याच्या मूर्तीकडे गिऱ्हाईक आधी वळतं. मग आपण म्हणतो, "आपला रंग चांगला नव्हता, पुढच्या वेळी भारी रंग आणू." बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. गडद आणि फिकट यांतला फरक नीट पडलेला नसतो. याला चित्रकलेच्या वर्गात छायाभेद म्हणतात, कामावरची माणसं टोन म्हणतात. आपणही टोनच म्हणूया.

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत, आणि तिथे बायका मोठ्या संख्येने रंगकाम करतात. कुठल्याही कारखान्यात पाहा. सपाट रंग भरायचं काम नवख्या हाताला मिळतं. शेडिंग आणि डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे जाते. त्या हाताला मान जास्त आणि मजुरीही जास्त. पहिल्या कामातून दुसऱ्या कामात जायचं असेल तर मधली पायरी टोन ओळखण्याची आहे. ही पायरी शिकून येते, जन्मतः यावी लागत नाही.

हा डोळा तुमच्याकडे आहे

रवा भाजताना तुम्ही काय बघता? पांढरा रवा जरा पिवळसर झाला, मग बदामी झाला, आणि आता अजून क्षणभर ठेवला तर करपेल, हे तुम्हाला घड्याळाशिवाय कळतं. भाजणीचं धान्य, खोबऱ्याचा कीस, वाटणाचा कांदा, सगळीकडे तुमचा डोळा गडदपणा मोजत असतो. सुपारी सोलताना, सुकट निवडताना, बाजारात बोंबील घेताना आपण टोनच बघतो. त्या कामाला नाव नाही म्हणून ते कौशल्य वाटत नाही इतकंच.

चित्र काढताना मात्र हाच डोळा फसतो, कारण तिथे आपलं मन मध्ये येतं. मन म्हणतं, साडी पांढरी आहे, म्हणजे पांढराच रंग लाव. आता रेवदंड्याच्या कोटाची भिंत डोळ्यांपुढे आणा. काळा दगड. त्यावर भर दुपारचं ऊन पडलं आहे, आणि जवळच माडाच्या दाट सावलीत पांढरी साडी वाळत घातली आहे. दोन्हींकडे नीट पाहिलंत तर उन्हातला काळा दगड आणि सावलीतली पांढरी साडी यांच्या उजळपणात फारसा फरक दिसणार नाही. कधी कधी दगडच जास्त उजळ भरेल. पण चित्र काढायला बसलं की दगड काळाकुट्ट आणि साडी पांढरीशुभ्र रंगवली जाते, आणि चित्रातलं ऊन निघून जातं. वस्तूचं नाव विसरून तिच्यावरचा उजेड बघणं, हा टोनचा पहिला धडा.

टोन बघायच्या चार रीती

पहिली रीत, डोळे किलकिले करणे. पापण्या अर्ध्या मिटून समोर बघा. बारीकसारीक रेघा नाहीशा होतात आणि गडद-फिकटाचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. चित्राची सुरुवात त्या तुकड्यांपासून करायची.

दुसरी रीत, दोन भोकांचं पुठ्ठ्याचं कार्ड. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला वाटाण्याएवढी दोन भोकं शेजारी-शेजारी पाडा. एका भोकातून गाल आणि दुसऱ्यातून हनुवटीखालचा भाग दिसेल असं धरा. आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे यातलं गडद कोण ते स्वच्छ कळतं.

तिसरी रीत मोबाइलची. फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की उरतो तो टोन. यात एक काळजी घ्या. कॅमेरा प्रत्येक फोटोचा उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करतो. म्हणून मूळ वस्तू आणि तुमचं रंगकाम एकाच फोटोत शेजारी ठेवून तपासा. दोन वेगळ्या फोटोंची तुलना करू नका.

चौथी रीत आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळते. सकाळी समुद्रावर उभ्या राहून खाडीपलीकडे दक्षिणेला बघा. जवळचा माड गडद, त्यापलीकडे कोर्लईचा डोंगर जरा फिकट, आणि आणखी लांबच्या डोंगरांच्या रांगा निळसर, जवळजवळ आभाळात मिसळलेल्या. मधल्या दमट हवेमुळे लांबचं गडद दिसत नाही. भिंतीवर देखावा काढताना लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतका गडद केला तर तो डोंगर पुढे येऊन झाडाला चिकटतो. संध्याकाळी उलट बघा. पश्चिमेला सूर्य मागे असताना होडी निळी की हिरवी हे कळत नाही, ती नुसती गडद दिसते. तरीही ती होडीच आहे हे लहान मूलसुद्धा सांगेल. ओळख पटवायचं काम टोन करतो.

एका बापाचं आणि लेकीचं चित्र

टोनची ताकद कळायला एक चित्र सांगते. दोन्ही हातांच्या ओंजळीत दिवा जपणारी, साडी नेसलेली स्त्री. कॅलेंडरवर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ते पाहिलं असेल. पुष्कळ लोकांना वाटतं की ते राजा रविवर्म्याचं आहे. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. हळदणकर आपल्या कोकणातले. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीत झाला. पुढे मुंबईत त्यांनी चित्रकलेचे वर्ग चालवले. या चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. ते १९४५-४६ च्या सुमारास काढलेलं आहे, आणि आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. चित्रातली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता.

हे चित्र जलरंगातलं आहे हे महत्त्वाचं. जलरंगात उजेडासाठी पांढरा रंग सहसा थापत नाहीत. कोरा कागद हाच पांढरा. जिथे उजेड हवा तिथे कागद राखायचा, आणि फिकटाकडून गडदाकडे जायचं. एकदा गडद झालं की मागे फिरणं अवघड. म्हणजे ब्रश टेकवण्याआधीच कुठे किती उजेड आहे ते ठरलेलं असावं लागतं.

त्या चित्रात ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून उजेड झिरपतो आणि बोटांच्या कडा तांबूस दिसतात. चेहऱ्यावर मऊ उजेड आहे. बाकी सगळं त्या मानाने मंद ठेवलं आहे. कागद काही स्वतः पेटत नाही. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा साधारण ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो, आणि काळा रंग ४-५ टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हाती उजेड-काळोखाचा फरक जेमतेम वीसपट. खरं जग बघा. दुपारचं किनाऱ्यावरचं ऊन आणि माजघरातला अंधार यांत शेकडोपट फरक असतो. तो सगळा कागदावर उतरवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून हळदणकरांनी काय केलं? दिवा उजळ करण्यासाठी भोवतालचं गडद केलं. तुमच्या रंगवलेल्या पणतीची ज्योत लुकलुकत नसेल, तर आणखी पिवळा थापू नका. ज्योतीमागची जमीन गडद करा.

पाच चौकोनांची पट्टी

आता हाताने करायचं काम. साहित्य थोडं आहे: पांढरा आणि काळा पोस्टर कलर, एक ब्रश, एक जाड पुठ्ठा. एका ओळीत पाच चौकोन आखा. पहिला पांढरा, पाचवा काळा. आता मधला, म्हणजे तिसरा चौकोन भरायचा आहे. तो पांढऱ्यापासून जितका लांब, तितकाच काळ्यापासून लांब वाटला पाहिजे.

इथे बहुतेक जणी अर्धा पांढरा आणि अर्धा काळा घेतात. मिश्रण जवळजवळ काळंच होतं. मग त्यात पांढरा ओतत बसतात, आणि वाटीभर रंग होऊन अर्धी बाटली संपते. म्हणून नियम लक्षात ठेवा: पांढऱ्यात काळा घालायचा, काळ्यात पांढरा नाही. आणि घालायचा तोही काडेपेटीच्या काडीच्या टोकाने.

असं का होतं? अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर केवढा फरक पडतो. दुसरी लावली तरी फरक जाणवतो. पण तीस पणत्या जळत असताना एकतिसावी लावली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आपला डोळा उजेडाची बेरीज करत नाही, तो 'आधीपेक्षा किती पट' ते बघतो. अमेरिकेतले चित्रकलेचे शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंग मोजायची एक पद्धत मांडली. त्यात काळा शून्यावर आणि पांढरा दहावर ठेवून मधल्या पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटतील अशा लावल्या. त्या पट्टीवरचा बरोबर मधला, पाच नंबरचा करडा रंग उजेडाचा फक्त पाचवा हिस्सा परत फेकतो, निम्मा नाही. डोळ्याचं 'अर्धं' आणि मापाचं 'अर्धं' वेगळं असतं ते असं.

म्हणून काळा वाढवताना दुपटीने वाढवून बघा. एक थेंब, मग दोन, मग चार, मग आठ. एक, दोन, तीन, चार असे थेंब घातलेत तर सुरुवातीला मोठी उडी पडते आणि पुढे काहीच बदलत नाही असं वाटतं. प्रत्येक कंपनीच्या रंगाचा जोर वेगळा, त्यामुळे नेमकं माप मी सांगणार नाही. तुमच्या बाटलीचं माप तुम्हीच काढा आणि पट्टीच्या मागे लिहून ठेवा: अमुक चमचे पांढरा, अमुक थेंब काळा.

मधला जमला की पहिला आणि तिसरा यांच्या मधला दुसरा, आणि तिसरा आणि पाचवा यांच्या मधला चौथा भरा. मग पट्टी लांब धरून डोळे किलकिले करा. पायऱ्या जिन्यासारख्या सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी पायरी खोल पडली असेल तर लगेच दिसेल.

रांगोळीतही हेच. पांढऱ्या रांगोळीत काळी रांगोळी चिमटीने घालत पाच वाट्या तयार करा. चेहऱ्याची रांगोळी काढणारे कलाकार आधी अशा वाट्या लावून घेतात आणि मगच बसतात. चाळताना तोंडावर ओढणी घ्या, ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका.

ओल्याचं सुकल्यावर

किनाऱ्यावरची ओली रेती गडद आणि कोरडी फिकट, हे आपण रोज बघतो. भिंतीला लावायचा डिस्टेंपर तसाच वागतो. ओला असताना गडद, वाळल्यावर फिकट. जलरंगही वाळून फिका पडतो. ॲक्रिलिकचं उलट, तो सहसा वाळल्यावर किंचित गडद होतो. पोस्टर कलरमध्ये गडद मिश्रण वाळून थोडं फिकं होतं आणि फिकट मिश्रण थोडं गडद. म्हणून वाटीतल्या ओल्या रंगावर निवाडा करू नका. पुठ्ठ्यावर एक फटकारा मारा, पंख्याखाली वाळवा आणि मग ठरवा.

पन्नास मूर्तींचं काम हातात असेल तर हे फार कामाचं आहे. अंगाचा रंग तीसाव्या मूर्तीला संपला आणि पुन्हा कालवलेला रंग एक पायरी गडद झाला, तर सगळा माल शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो आणि व्यापारी बोट ठेवतो. लागेल त्यापेक्षा थोडा जास्त रंग एकदमच कालवा, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि वाळलेला नमुना डब्यावर चिकटवा. परत कालवायची वेळ आलीच तर वाळलेल्या नमुन्याशी वाळलेला फटकारा जुळवा.

शेजाऱ्याचा परिणाम

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गोबेलँ नावाच्या सरकारी विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्हरल हे रंगाऱ्यांचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्यांनी धागा तपासला, तर रंग उत्तम होता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. कुठल्या रंगाशेजारी काय ठेवलं यावर तो रंग कसा दिसतो हे ठरतं, असं त्यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलं.

हे घरी बघा. तुमच्या मधल्या करड्या रंगाचे दोन सारखे तुकडे कापा. एक पांढऱ्या कागदावर ठेवा, एक काळ्यावर. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. तुकडा तोच आहे. म्हणून पांढऱ्याशुभ्र मूर्तीवर लावलेला पहिला रंग नेहमी गडद वाटतो, आपण घाबरून त्यात पांढरा वाढवतो, आणि सगळी मूर्ती रंगून झाल्यावर तो फिका पडलेला दिसतो. आधी सगळीकडे मधला टोन द्या, पांढरी जागा झाका, आणि मग कमी-जास्त करा.

रंगीत टोन

आता रंगांकडे येऊ. प्रत्येक रंगाला मुळातच आपला टोन असतो. झेंडूचा पिवळा फिकट, जांभळाचा रंग गडद, कुंकवाचा लाल मधल्याच्या जरा खाली. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल फूल आणि हिरवं पान पुष्कळदा एकसारखंच करडं दिसतं. म्हणून लाल-हिरवी नक्षी जवळून भडक वाटते आणि लांबून मिसळून जाते. दोघांतला एक रंग पायरीभर फिका केला की नक्षी रस्त्यावरूनही दिसते.

रंग गडद करायचा म्हणजे त्यात काळाच घालायचा, असं नाही. पिवळ्यात काळा घातला तर तो शेवाळी हिरवट होतो. तिथे गेरूसारखा तांबूस-तपकिरी रंग घाला. लालात पांढरा घातला तर गुलाबी होतो. उजळ लाल हवा असेल तर थोडा नारिंगी वापरा. अंगाच्या रंगात काळा घातला की सावली मळकट, मार लागल्यासारखी दिसते. तिथे लालसर तपकिरी घाला.

मूर्तीच्या चेहऱ्यावर तीन टोन पुरतात. मूळ अंगाचा रंग हा मधला. कानामागे, सोंडेच्या वळ्यांत, हनुवटीखाली आणि पोटाच्या खाली एक पायरी गडद. कपाळ, गाल आणि सोंडेचा वरचा उंचवटा एक पायरी फिकट. उजेड वरून येतो हे धरून चाला. दोन पायऱ्यांची उडी मारू नका, कारण मूर्ती मुळात गोल आहे, तिची खरी सावलीही पडणारच आहे. आपण तिला फक्त साथ द्यायची.

आणि डोळे. डोळ्याचा पांढरा भाग कोरा पांढरा ठेवला तर नजर वटारलेली वाटते. पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून तिथे किंचित गुलाबट करडा, वरच्या बाजूला जरा जास्त. खरा पांढरा राखून ठेवायचा तो बुबुळावरच्या एका ठिपक्यासाठी. तो ठिपका उठतो, कारण चेहऱ्यावर दुसरीकडे कुठेही तितकं पांढरं नाही.

या आठवड्याचं काम

गटाच्या बैठकीत प्रत्येकीने पाच चौकोनांची एक पट्टी करून आणा. सगळ्या पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. कुणाच्या पायऱ्या सारख्या आल्या ते लगेच कळेल. मग एक अंडं किंवा सोललेला नारळ खिडकीजवळ ठेवा, आणि काळ्या-पांढऱ्यातच, तीन टोनमध्ये रंगवा. रंगीत बाटली उघडायची नाही. संध्याकाळी दिवे घालवून एक पणती लावा, ज्योतीपुढे हात धरा, आणि बोटांच्या कडांचा रंग आणि तळहाताचा काळोख नीट पाहा.

रंगाची खरेदी करायची असेल तर ती त्यानंतर करा. पांढरा, काळा, गेरूसारखा तपकिरी, लाल, पिवळा, निळा एवढ्या बाटल्यांत पुष्कळ काम होतं. बारा छटांचा संच घेण्याआधी गटाच्या वहीत सहा बाटल्यांची मापं लिहिलेली असू द्या. पुढच्या हंगामात शेडिंगचं काम मागायला जाल तेव्हा ती वही आणि ती पट्टी सोबत न्या.